ओल

चिलोए बेटावर पाऊस येत नाही,
तो असतोच.
कधी कौलावर, कधी हाडांत.

ओर्तेन्सिया गेली, तिच्यामागे राहिल्या
अकरा कोंबड्या, एक तापट कोंबडा
आणि दाराआड खिळ्याला टांगलेलं खोरं.
तोवर मी त्या खुराड्यात कधी वाकून शिरलो नव्हतो.
माझं काम पाण्यावरचं. दोर, बोयी, सामन माशांचे पिंजरे.
अंडी निळी असतात हे मला
ताटात दिसायचं तेवढंच.

पहिल्या महिन्यात तीन मेल्या.
डोळे चिकटलेले, छातीत घरघर.
मी रोज दार उघडून बघायचो, हुंगायचो,
ठीकच वाटायचं.

शेजारची रोसाल्बा आली, उंबऱ्यावर थांबली, म्हणाली,
एरास्मो, उभ्यानं काय हुंगतोस?
गुडघे टेक. नाक त्यांच्या उंचीला ने.

टेकले.
डोळ्यांत चुन्याची निवळी पडल्यागत झोंबलं.
त्या तिथं रात्र रात्र श्वास घेत होत्या
आणि मी माझ्या उंचीवर उभा राहून
ठीक आहे म्हणत होतो.

मग तिनं मूठभर भुसा माझ्या हातात दिला.
आवळ. आता सोड.
मुटका वळला तर ओला.
बोटांतून सुटून सांडला तर असू दे.

सगळं उपसलं. चौदा घमेली.
खालच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या, नखानं उकरत होत्या,
त्या बदलल्या.
करवतखान्यातून सायप्रसचा भुसा आणला, वीतभर अंथरला.
पाण्याचं भांडं विटांवर चढवलं,
कारण कोंबडी पिते एक घोट आणि सांडते तीन.
बसायच्या दांड्यांखाली पत्रा,
तो सकाळी चहाच्या आधी खरवडायचा,
चहानंतर मन होत नाही.
चुलीची राख पेटीत. तिच्यात त्या लोळतात,
पंख उधळून, डोळे मिटून,
बायकांनी एकमेकींच्या वेण्या घालाव्यात इतक्या निवांत.

आणि भिंतीला वर, अगदी छपराखाली,
हातभर लांब फट कापली.
रोसाल्बा म्हणाली होती, थंडीला भिऊ नकोस,
कोंबडी थंडीनं मरत नाही, स्वतःच्या वाफेनं मरते.
वाफ जाऊ दे. वारा अंगावर येऊ देऊ नकोस.

जुलैत मुलगी आली, पुंता आरेनासहून, दोन बसा बदलून.
रात्री कपाट सरकवलं तिनं आणि गप्प झाली.
मागची भिंत हिरवी, केसाळ.
ओर्तेन्सियाचा निळा कोट खांद्यांवर बुरसलेला.
पलंगाच्या माझ्या बाजूची चादर ओलसर,
दुसऱ्या बाजूची
घडीसुद्धा मोडलेली नाही.

बाबा, घराचं पार खुराडं केलंयत तुम्ही.

मी म्हटलं, खुराड्याला नावं ठेवू नकोस, माग्दा.
चल, दाखवतो.

कंदील घेऊन गेलो. ती वाकली, आत शिरली,
न सांगता गुडघ्यांवर बसली.
नऊ पाठी दांड्यावर ओळीनं,
त्यातली एक बिनशेपटीची, कडेला.
बाहेर पाऊस पन्हाळीतून पिंपात पडत होता,
आत एक थेंब नाही.
तिनं भुसा उचलला, मुठीत आवळला.
हे तिला कोणी शिकवलं, मी विचारलं नाही.
बोटं उघडली.
सगळा सांडला.
तळहात नाकाशी नेऊन ती बराच वेळ
तशीच बसून राहिली.

सकाळी ती कोट उन्हात घालायला निघाली.
ऊन नव्हतं. चुलीशेजारी टांगला.
मी करवत शोधली, शिडी लावली,
निजायच्या खोलीत, आढ्याच्या जरा खाली,
पेन्सिलनं हातभर रेघ मारली.

खालून ती म्हणाली, थंडी येईल की.

येऊ दे म्हटलं.